चाल तुमची आहे, मामा

तीर्थरूप आणि तीर्थस्वरूप मामा,

(यातलं एक वडिलांना लिहितात आणि एक बाकीच्या मोठ्यांना. कुठलं कुणाला, ते शाळेत शिकवलं त्या दिवशी मी शाळेच्या कुंपणाबाहेर होतो. म्हणून दोन्ही लिहिलीत. चुकीचं असेल ते खोडा आणि पुढे वाचा.)

दोन्ही हात जोडून नमस्कार. मी इकडे ठीक आहे. तुमचा उजवा डोळा भिंग लावून लावून पाणावतो, असं मामी म्हणाली. थोडे दिवस डावा वापरून बघा. गुडघ्याचं विचारत नाही, कारण विचारलं की तुम्ही उठून चालून दाखवता आणि मग दोन दिवस झोपून काढता. मामीला सांगा, मी वेळेवर जेवतो आणि तिनं विणलेला स्वेटर घालतो. (तो चुकून गरम पाण्याच्या मशीनमध्ये गेल्यापासून मला होत नाही. पण गळ्याभोवती बांधतो, म्हणजे घातल्यासारखंच.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि मामीकडे देता. चार वर्षांत तुमचे माझ्याशी एकूण सहा ‘बरं’ झालेत, त्यातलं एक चुकून दोनदा आलं होतं. पत्रात बरं असतं, माझं सगळं सांगून होईपर्यंत तुम्हाला मध्ये काही म्हणता येत नाही. शिवाय मामीकडून कळलं की या महिनाअखेरीस तुम्ही घड्याळदुरुस्तीच्या दुकानातलं मागचं टेबल रिकामं करणार आणि आपला जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देणार. त्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. टेबल तुमचं, कॉम्प्युटर तुमचा, भंगारवाला तुमच्या ओळखीचा. मी फक्त इकडची खुशाली कळवतोय. (त्याला अजून वार दिला नसेल तर देऊ मात्र नका. निदान पत्र वाचून होईपर्यंत.)

तर खुशाली. मी गेले चौदा महिने एकाच नोकरीत आहे. चष्मा पुसून परत वाचलंत तरी आकडा तोच राहील. याआधीच्या आठ नोकऱ्या तुम्हाला माहीत आहेत, त्यातली आठवी अकरा दिवस टिकली, तीही मध्ये दोन सुट्ट्या आल्या म्हणून. माझी सोडायची पद्धत ठरलेली होती: कुणी आवाज चढवला की एप्रनची गाठ सोडायची, एप्रन खुंटीला अडकवायचा आणि चालू लागायचं. तुमच्याकडूनही तसाच निघालो होतो. तुम्ही तेव्हा कॉम्प्युटरवरच्या आपल्या डावात एका चालीवर चार दिवस बसला होतात आणि मी म्हणालो होतो, ‘मामा, तुमची एक चाल होईपर्यंत माझे केस पिकतील.’ त्यावर तुम्ही भिंग न काढता म्हणालात, ‘तुला थांबता येत नाही रे. असा माणूस कुठेच टिकत नाही.’ बाकी सगळं विसरलो, पण ते भिंग न काढणं विसरलो नाही.

आता काम काय, ते सांगतो. ही एक मोठी लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे गाड्या भरभरून येतात. इस्त्रीचा एक गरम रोलर आहे, आपल्या दुकानाएवढा लांब. त्यात ओली चादर सरळ सोडायची, एवढंच माझं काम. दोन टोकं मी धरतो, दोन टोकं आक्का धरतात. आक्का मूळच्या शिलाईच्या, फाटलेल्या चादरी शिवणाऱ्या. बोलणं कमी आणि नजर सुईसारखी. दुसरे बॉयलर सांभाळणारे काका, सगळे त्यांना ‘वाफारे’ म्हणतात, कारण ते कुठूनही येताना आधी वाफ येते आणि मग ते. तिसरा गाडीवरचा ड्रायव्हर, ज्याला जगातले सगळे रस्ते पाठ आहेत पण स्वतःचा डबा कुठे ठेवलाय ते आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं मागच्या खोलीत बसतो. तिथे कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर पडून होता. ऑफिसात नवा आल्यावर त्याला इकडे ढकललेला, आणि त्याच्यावर वाफारे मोजे वाळत घालायचे.

मामा, मी ते मोजे उचलले, बटण दाबलं आणि तो सुरू झाला. तोच घरघराट! मग माझ्या पिशवीत एक सीडीची तबकडी होती ती घातली. (कुठली तबकडी ते मागाहून सांगतो.) आणि पडद्यावर आपले किल्ले आले, घोड्यावरचे सरदार आले, काळोखानं झाकलेला नकाशा आला, आणि खाली कोपऱ्यात ते वाळूचं घड्याळ, दाबलं की आपला दिवस आणि चाल संपली. मी गळ्यातल्या स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले. मी म्हटलं, वाफ लागली.

पहिल्या दिवशी तिघं हसले. चौकोनी चित्रं, जुनाट रंग, ड्रॅगन पंख हलवतो तो दाराच्या बिजागरीसारखा. ‘हे काय, रांगत रांगत चालतंय,’ ड्रायव्हर म्हणाला. चौथ्या दिवशी तोच डबा न उघडता घोडा दौडवत होता. त्याचं सगळं गाडीसारखंच, किल्ला बांधायचाच नाही, नुसतं फिरत सुटायचं. दोन आठवड्यांत त्यानं सगळा नकाशा उजळवला आणि घरी परत आला तर घर वाफाऱ्यांनी घेतलेलं. वाफारे फक्त सांगाडे गोळा करतात. त्यांचं म्हणणं, सांगाड्यांना खायला लागत नाही आणि घाम येत नाही. मी पहिल्याच दिवशी सतरा गावकरी घेऊन एका राक्षसावर धावून गेलो आणि सतराच्या सतरा गमावले. (तुम्ही आता मान हलवत असाल, ती हलवू नका, मानेलाही जपायला सांगितलंय.) आक्का मात्र कुणावरच धावून जात नाहीत. आपला किल्ला वीट वीट करून बांधतात, आठवड्याच्या पहिल्या दिवशी नवे शिपाई मोजून घेतात, आणि वाटेत कुणी श्वापद बसलेलं असेल तर म्हणतात, ‘बसू दे की, त्याचं काय चुकलंय?’ आम्ही तिघं एकमेकांना झोडपून अर्धमेले झालो तेव्हा आक्कांकडे एवढी फौज होती की तिला उभं राहायला पडदा पुरेना.

मध्ये ऑफिसातल्या मुलीनं फोनवर एक नवा खेळ दाखवला. चकाचक, सोनेरी, पाण्यात सावलीसुद्धा पडते. पण तो दर तासाला हाक मारतो, या हो, तुमचं पीक आलं, तुमचा किल्ला पेटला, चला लवकर! असा सारखा मागे लागणारा मुकादम मला आधीच एक आहे. आपला जुना खेळ हाक मारत नाही. तुम्ही चादरींचे दोन ढीग उपसून या, तो जिथल्या तिथे, सरदार घोड्यावर, तलवार वर, वाट बघत बसलेला. चुकलं तरी ओरडत नाही, फक्त पुढच्या आठवड्यात दाखवून देतो. तो लोक सगळीकडे अजून का खेळतात ते मला तिथे कळलं. तुमचं पूर्ण होईपर्यंत गप्प बसणाऱ्या वस्तू फार कमी असतात. (एक तुम्ही. पण तुम्ही माझ्या चालीतच नाही, स्वतःच्या चालीतही गप्प बसता.)

आता भिंतीचं प्रकरण. आपल्या दुकानातला नियम मी इकडे जसाच्या तसा लावला: एकाची चाल चालू असताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, हात मागे, म्हणजे कुणी कुणाचा नकाशा बघायला नको. तुमच्याकडे भिंतीवर निदान दुरुस्तीची घड्याळं होती, सत्तावीस, आणि सत्तावीस वेगवेगळ्या वेळा. इथे नुसता चुना. एका दुपारी मी, आक्का आणि वाफारे असे ओळीनं भिंतीला तोंड करून उभे, ड्रायव्हर खुर्चीत, आणि दार उघडून मालकीणबाई आत आल्या. सोबत एका मोठ्या हॉटेलचे दोन पाहुणे, स्वच्छता बघायला आलेले. त्यातला एक पाहुणा हळूच म्हणाला, ‘यांनी केलं तरी काय?’ आक्का मागे न वळता म्हणाल्या, ‘अजून काही नाही केलं. याचं झालं की मी करणार आहे.’

पाहुणे जाऊन मालकीणबाई परत आल्या तोवर ड्रायव्हरची आणि आक्कांची चाल झाली होती. म्हणाल्या, ‘शनिवारपर्यंत हे धूड इथून हललं पाहिजे.’ आवाज चांगलाच चढलेला होता. माझा हात आपोआप एप्रनच्या गाठीवर गेला. नववी नोकरी तिथेच संपायची मामा, गाठ अर्धी सुटलीसुद्धा होती. पण माझ्या किल्ल्याला वाफाऱ्यांचा वेढा होता आणि माझी चाल यायला अजून वाफारे बाकी होते. चाल न खेळता कसं जाणार? मी गाठ परत बांधली. म्हणालो, ‘बाई, एकदा बसून बघा. मग टाका.’ त्या बसल्या त्या वैतागूनच, पडद्याकडे बघितलं आणि ‘हे कसलं घड्याळ?’ म्हणत दाबलं. तीन दिवस वाट बघून वाफाऱ्यांची चाल नुकती आली होती, ती सरळ निघून गेली. वाफारे मटकन खाली बसले. बाईंचा चेहरा उतरला. ‘मागे नाही का जाता येत?’ त्यांनी मला विचारलं, अगदी हळू.

येतं, म्हटलं. मी प्रत्येक चालीआधी डाव दुसऱ्या नावानं सेव्ह करून ठेवतो. (ही सवय मला कुठून लागली, तेही मागाहून.) डाव उघडून दिला, वाफारे उठून उभे राहिले, खोलीत परत वाफ झाली. बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, कुठलं मशीन कधी, कुठल्या ढिगाआधी कुठला, हे उद्यापासून तू ठरव, तुला क्रम कळतो. कॉम्प्युटर तिथेच आहे. मोजे आता दोरीवर वाळतात. पाचवा किल्ला मालकीणबाईंचा आहे, आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात तेव्हा मुकादम खोलीत यायचं टाळतो.

तर अशी खुशाली आहे. काळजी करू नका. डोळ्याला जपा.

तुमचा, अजूनही टिकलेला,
भाचा

ता. क. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून बारा दिवसांची रजा मिळाली आहे. आयुष्यात पहिल्यांदाच नोकरी न सोडता मागितली. तेव्हा येतो. भंगारवाल्याला तोवर थांबवाल का? टेबलच रिकामं करायचं असेल तर कॉम्प्युटर माझ्या कॉटखाली सरकवा.

ता. क. २. ती तबकडी तुमच्या चिमट्यांच्या ड्रॉवरमधली आहे. (तुमच्या कॉम्प्युटरवर खेळ आधीच भरलेला आहे, तो तिच्याशिवायही चालतो.) तुम्ही ती हरवली म्हणून मामीला बोललात, असं कळलं. मामीची माफी आधी तुम्ही मागा, मग मी मागतो.

ता. क. ३. आता खरं. तुम्ही दुकानातल्या एकाही घड्याळाला कधी ‘मेलं’ अशी चिठ्ठी बांधली नाहीत. तुमची चिठ्ठी फार तर ‘थांबलंय’. पण मामी म्हणाली, त्या कॉम्प्युटरला तुम्ही ‘भरवसा नाही’ अशी बांधून ठेवली आहे, कारण त्यानं तुमचे नऊ काळे ड्रॅगन खाल्ले. मामा, त्यानं काही खाल्लं नाही. मी निघालो त्या सकाळी तुम्ही शाळेचं भिंतीवरचं घड्याळ बसवायला गेला होतात. मी कॉम्प्युटरवरचं फडकं उचललं आणि तुमच्या फौजेतून नऊच्या नऊ ड्रॅगन सोडून दिले. ते मशीन दर वेळी विचारतं, ‘खरंच निरोप द्यायचा?’ मी नऊ वेळा ‘हो’ म्हटलं. सातव्याला वाईट वाटलं होतं, पण तोवर हात थांबत नव्हता. तुम्ही म्हणालात तेच खरं, थांबता येत नाही. तेव्हा येत नव्हतं. ती चिठ्ठी त्या बिचाऱ्याची सोडा आणि जपून ठेवा. मी आलो की माझ्या शर्टाला बांधा.

ता. क. ४. ड्रॅगन जिवंत आहेत. सोडण्याआधी मी घाबरून डाव दुसऱ्या नावानं सेव्ह केला होता. नाव ‘मामी’ दिलं, कारण मामीच्या डब्यात तुम्ही कधी हात घालत नाही. तो उघडा. खेळातला चौथा महिना, दुसरा आठवडा, तिसरा दिवस, नऊच्या नऊ रांगेत उभे असतील. त्यांच्या आगीनं माझा किल्ला एका दुपारात जळेल, हे मला माहीत आहे. जळू दे.

ता. क. ५. लगेच नाही पण. नऊ ड्रॅगनांना हरवायचं कसं, ते आक्कांनी मला दाखवलंय. तुम्हाला सांगणार नाही.

ता. क. ६. मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे. चाल तुमची आहे, मामा. सावकाश होऊ दे, हवे तर चार दिवस घ्या. फक्त बसायच्या आधी भंगारवाल्याला तेवढा निरोप पाठवा.