कलीमले बाहेर काढलं, त्यानंतर

३ फेब्रुवारी, मेहकर
आज पुन्हा सत्कार! पाहुणे माइकवर म्हणे — राजकुमारनं एकट्यानं जहाजाची आग विझवली. एकट्यानं! अरे, मी इंजिनरूममध्ये शिरलो, धुरात चाचपडत माह्या जोडीच्या खलाशाले, कलीमले, ओढून बाहेर काढलं. पदक मिळालं ते त्याच्यासाठी. आग कशी विझली, मले ठाऊक नाही.
उठून तसं सांगितलं तर सगळे हसले. "पाहा, किती साधा पोरगा!" वरून टाळ्या.

५ फेब्रुवारी
कलीम फोन उचलत नाही. दवाखान्यातून सुटून रोहिणखेडले घरी आला म्हणतात. एका जहाजावर एका जिल्ह्याचे दोघंच आम्ही. भांडायचो तेही वऱ्हाडीत. आता राग कशाचा बे?

६ फेब्रुवारी
बाबांनी मले न विचारता अजून दोन सत्कार घेतले! "लोकाइले नाही म्हणता येते काय?" मी ओरडलो त्यांच्यावर. जेवलो नाही.

९ फेब्रुवारी
रोहिणखेडले जाऊन आलो. जायले नको होतं.
कलीम खाटेवर. हातांले पट्ट्या, अर्धा चेहरा... लिहवत नाही. मले पाहिलं अन् भिंतीकडे तोंड केलं. मी बोलत राहिलो, शेवटी तर आमच्या मेसमधल्या भाताविषयी! तो ढिम्म.
त्याची आई जमीलाचाची बाहेर सोडाले आली. "गला अंदर से जला है, बेटा. आवाज नाही निघत. बुरा मत मान."
बुरा कसा नको मानू? असं जिवंत राहाले काऊन ओढून काढलं, हेच म्हणत असेल तो मनात. अन् मी इथं शाली घेत फिरतो! एसटीत कोणीतरी ओळखलं, फोटो मागितला. त्याच्यावर खेकसलो.

१० फेब्रुवारी
डोकं भणभणतं. सुट्टी संपवून निघून जावं वाटते.

१३ फेब्रुवारी
सकाळी चाचीच्या फोनवरून कलीम! नुसती कुजबुज.
"आगीवर तेल येऊन राह्यलं होतं बे. तेलाच्या पाइपचा कॉक बंद कराले मी मागं फिरलो. बंद केला... मंग पडलो. तू आला म्हणून वाचलो. त्या दिवशी तुले हे तोंड दाखवाले नको वाटलं."
म्हणजे जहाज यानं वाचवलं! चौकशी झाली तेव्हा हा बेशुद्ध. विचारणार कोण?
"कोणाले सांगू नको. तुह्या बापाले खुश राहू दे."
कप्तानसाहेबांले लगेच कळवलं. मग बाबांले. त्यांनी पायात चप्पल घातली.
"चाल. रोहिणखेडची गाडी कवा हाये?"