माणसं : एक

९ मे, दुकानातून

चिरंजीव धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. उन्हाळा म्हणजे आमची सुगी, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. तुझं पत्र आणि सोबत आमच्या दुकानाचा भरलेला फॉर्म, दोन्ही मिळालं.

एवढ्या वर्षांनी बहिणीची आठवण झाली ती गॅरेजमधल्या एसीसाठी. ज्या धंद्याला तू चारचौघांत ‘पंखे पुसायचं काम’ म्हणायचास, त्याच धंद्याचा सल्ला हवाय, आणि तोही फुकट. असो. घे.

तुला पसंत पडलेला तो चाकांचा, पाइपवाला एसी. त्याचा पाइप बाहेर कुठून काढणार आहेस? फॉर्मवर खिडक्यांसमोर तर तू शून्य लिहिलंयस. गरम हवा खोलीतच सोडलीस तर तो एसी नव्हे, विजेवरची शेगडी झाली. मग भिंतीवरचा तीन टनांचा घेऊ का, असं विचारतोस. भिंतींत, छतात, शटरच्या मागे इतका फोम ठासून घेतलायस की तिथे दीड टन पुरून उरेल. मोठा घेतलास तर पाच मिनिटांत गार करून बंद होईल आणि खोली दमटच राहील. पण ‘तीन टनांचा आहे’ असं शेजारी सांगता येईल ना! तुझ्या बायकोचा जीव त्यातच अडकलेला.

आणि एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे तरी माहीत आहे का? तीच ती हवा फिरवून गार करतो. त्या डब्यात कोणी सबंध दिवस बसलं तर डोकं भणभणेल.

गाडीसाठी हवाय म्हणे. वर ‘हौसेचं काही काम करत बसेन’ असंही लिहिलंस. कसलं काम रे? बाबांचा फोटो लावायला एक खिळा ठोकलास तर भिंतीतला नळ फोडलास.

पण तुझी एक गोष्ट मानते. तोंडाने तू वाट्टेल ते ठोकून देतोस, फॉर्मवर मात्र खरंच लिहितोस. जन्म गेला तुझा लोकांचे अर्ज तपासण्यात. रकाना रिकामा राहिला तर तुला झोप लागत नाही. आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे : खोलीत माणसं किती. माणसाच्या अंगाचीही ऊब असते, ती हिशेबात धरावी लागते. तू लिहिलंस : एक. किती तास : चोवीस. खोलीतली यंत्रं : टीव्ही, छोटी शेगडी, मोटरची शिलाई मशीन.

ती मोटर मी बसवलीय, धाकट्या. आईचे गुडघे गेले आणि तिला पायडल मारवेना, तेव्हा.

म्हणजे आईला गॅरेजमध्ये ठेवायला निघालायस. घरात चार खोल्या, त्यातली एक पाहुण्यांची, जिथे दोन दिवसांवर पाहुणा टिकत नाही. आणि आई शटरच्या मागे! लाज कशी वाटत नाही रे? ‘तिला जिने झेपत नाहीत,’ हे उत्तर तुझ्याकडे तयार असेल. मला माहीत आहे, कारण ते मीही वापरलंय.

हे खरं तर लिहायचं नव्हतं. फेब्रुवारीत आईचा फोन आला होता. म्हणाली, “तुझ्याकडे येऊन राहिले तर चालेल का गं? चारच दिवस.” चार दिवसांचं नव्हतं ते, आवाजावरून कळत होतं. मी म्हटलं, “अगं आई, दुकानाच्या वर राहते मी. बावीस पायऱ्या आहेत. कसं जमणार तुला?” “हो गं, माझ्या लक्षातच नाही आलं,” म्हणाली आणि फोन ठेवला. दर खेपेला खाली उभी राहून त्या पायऱ्या मोजणारी बाई! लक्षात नाही म्हणे. त्यानंतर मी दोन एसी धुतले, पोटभर जेवलेही. तेव्हा तुला नावं ठेवायचा मला कितीसा हक्क आहे, ते कळतं मला. म्हणून ही नावं निम्मीच ठेवलीयत.

दुकानामागची खोली काल रिकामी केली. जुने कॉम्प्रेसर भंगारात दिले. एकही पायरी नाही, रस्त्याकडे खिडकी आहे, दिवसभर माणसं दिसतात. तेलाचा वास आहे, तो जाईल. माझाही पलंग खाली आणलाय. त्या खोलीचा फॉर्म भरला तेव्हा लिहिलं : माणसं, दोन.

रविवारी टेम्पो घेऊन येते. तोवर आईची मशीन आहे तिथून हलवायची नाही. तिला काही सांगू नकोस, मीच विचारेन. आणि ती ‘नको’ म्हणाली, तर ते ऐकून घ्यायची पाळी आता माझी आहे.

तुझा फॉर्म सोबत परत पाठवतेय. माणसांसमोरचा ‘एक’ खोडलाय. तिथे काय लिहायचं ते आई ठरवेल. तोवर तो रकाना रिकामाच राहू दे, आणि बघ तुला झोप लागते का.

तुझीच,
पंखे पुसणारी ताई