चाळीस लिटरचं एक

९ जानेवारी २००७
सकाळी वसूचा फोन. तिच्याकडे, व्हरमॉंटला, संध्याकाळ. मायकेल ऑक्टोबरातच घर सोडून गेला, हे एका वाक्यात सांगितलं. पुढच्या वाक्यात विचारलं, "आई, पाणी लवकर उडून जायला भांडं किती खोल हवं?" घरामागे मेपलची झाडं आहेत. मार्चमध्ये खोडाला भोकं पाडून रस काढायचा, आटवून पाक करायचा. दरवर्षी तो करायचा. यंदा ही एकटी करणार.
मी म्हटलं, पसरट हवं, खोल नको. रस इंच-दीड इंचाच्या वर नको.
नवरा गेला हे तीन महिने सांगितलं नाही, आणि आता भांडं विचारते.
"मी येऊ का?"
"नको. भांड्याचं सांग."

१० जाने.
लग्नाआधी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढली. चाळीस वर्षं झाली त्याला. उसाच्या रसात शंभराला तेरा-चौदा भाग साखर असते. ह्या मेपलच्या रसात जेमतेम दोन. म्हणजे चाळीस लिटर आटवा तेव्हा एक लिटर पाक. आणि ही बर्फात, एकटी, उघड्यावर चूल मांडून. शुद्ध खूळ. तिला तसं म्हणणार नाही. म्हटलं तर भांड्याचं विचारणंही बंद होईल.

१५ जाने.
मेलवर फोटो आला. मायकेलच्या वडिलांचं जुनं आटवायचं भांडं. पत्र्याचं, सांधे धातू वितळवून, डाग देऊन जोडलेले. इतका जुना डाग म्हणजे शिसं असणार. लगेच फोन केला.
"ते वापरायचं नाही. टाकून दे."
"ते त्यांनी मला दिलंय, आई. मायकेलला नाही, मला."
"कुणी का दिलं असेना. पोटात शिसं जाईल."
"मी जपलेलं काहीही तुला चालत नाही." ठेवला फोन.
संध्याकाळी वरच्या मजल्यावरची केतकी तिळगूळ घेऊन आली. "गोड बोला हं काकू." बरं म्हटलं.

२८ जाने.
फोन नाही, मेल नाही. मी दोनदा केला, नुसता वाजत राहिला. तिकडे बर्फ पडतंय असं इंटरनेटवर दिसतं. जेवण उभ्यानेच उरकलं. खाली मॉलमध्ये दोन चकरा मारल्या. घ्यायचं काही नव्हतं.

३ फेब्रु.
मेल आली. इंग्रजीत, तीन ओळी. सांध्यांतलं शिसं तपासायची काडी मिळते, ती लाल झाली. शिसं आहे. आता काय वापरू?
माझं खरं ठरलं. बरं वगैरे काही वाटलं नाही. त्या भांड्याचं तिने काय केलं ते विचारणार नाही.

५ फेब्रु.
नवं भांडं घडवून घ्यायला तिच्याकडे वेळ नाही, पैसाही नसावा. बुफेला अन्न मांडतात ते स्टीलचे लांबट ट्रे चालतील. अखंड असतात, सांधाच नाही. तिकडेही मिळतील. पण आधी इथे करून पाहिल्याशिवाय सांगायचं नाही. एम.आर.टी.ने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जाऊन हॉटेलवाल्यांच्या भांड्यांच्या दुकानातून दोन आणले.
दुकानदार इथल्या चिनी ढंगाच्या इंग्रजीत म्हणाला, "आंटी, पार्टी आह? किती माणसं?"
"एक."
त्याला वाटलं मला इंग्रजी कळलं नाही. बोटं दाखवून पुन्हा विचारलं. मीही एक बोट दाखवलं.

८ फेब्रु.
मेपलचा रस इथे कुठला मिळायला! लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम साखर, असा रस केला. ट्रे गॅसवर. सगळ्या खिडक्या उघड्या, तरी घरभर वाफ. केतकी डोकावली, पाचच मिनिटं पाहिलं.
"काकू, म्हणजे साखर पाण्यात घालायची आणि मग पाणी काढून टाकायचं?"
"हो."
"मग साखरच ठेवा ना डब्यात!"
पोट धरून हसली. मीही हसले. ती गेल्यावर पुन्हा घड्याळ लावून बसले.
अडचण: थंड रस ओतला की उकळी मरते. ती परत यायला फार वेळ. अशाने मार्चभर आटवत बसेल.

११ फेब्रु.
रात्रभर हेच डोक्यात. सकाळी भाकरीचा तवा घासताना सुचलं. वैल! आईच्या चुलीला वैल होता, मोठ्या जाळाची उरलीसुरली आच तिकडे जायची, आमटी गरम राहायची. वसूनेही धुराड्याच्या बाजूला दुसरा ट्रे ठेवायचा. थंड रस आधी त्यात. तापला की मग पुढच्या ट्रेमध्ये. उकळी मोडणार नाही.
दोन शेगड्यांवर करून पाहिलं. दुसरी अगदी मंद. जमतंय!
शेजारच्या मिसेस लिम दारात. "आंटी, माझी भिंत ओली झाली, लाह. काय शिजवताय?" मुलीचं काम, म्हटलं. त्यांनी भिंत पुसायला फडकं मागितलं. दिलं.

१२ फेब्रु.
वसूला मेल. आकृती काढून, स्कॅन करून. शिवाय: आधी साधं पाणी किती अंशाला उकळतं ते तिथल्या हवेत मोजायचं. डोंगरावर शंभराच्या खालीच उकळणार. रस त्या आकड्याच्या वर चार अंश तापला की पाक झाला. अंदाजाने काही करू नकोस.
जेवतेस ना नीट, असं खाली लिहिलं. मग पुसलं. मग पुन्हा लिहिलं.

२० फेब्रु.
चिनी नववर्ष. सगळं बंद. लिफ्टपाशी संत्र्यांच्या पिशव्या घेतलेली माणसं, आपापल्या आयांकडे निघालेली.
वसूचा फोटो आला. सिमेंटच्या ठोकळ्यांची चूल, वर दोन ट्रे, मागे धुराडं. जरा वाकडी आहे, पण माझ्या आकृतीबरहुकूम. खाली लिहिलंय, "वैल डावीकडे." मी जेवणाचं विचारलं होतं त्याला उत्तर नाही. फोटोत ती नाही. तिचा फोटो काढायला तिथे कोण असणार.

१२ मार्च
सकाळी आठला फोन. रस वाहू लागला! चूल पेटली होती. फोन लाकडांच्या ढिगावर ठेवून मोठ्याने बोलत होती. खदखद मला इथे ऐकू येत होती.
"आई, फेस चढतोय! उतू जाणार!"
"कडेला तुपाचं बोट लाव."
"तूप कुठलं इथे? बटर चालेल?"
"चालेल. लाव लवकर."
"बसला! अगं, एकदम बसला!" हसली. हे हसू कधी ऐकलं होतं शेवटचं, आठवत नाही.
मग म्हणाली, "लाकडं सरकवायची की रस ओतायचा? दोन हात पुरत नाहीत. शेजारचे म्हणतात, अजून तीन आठवडे तरी चालेल."
"मग?"
"मग काही नाही. सांगतेय."
मी विचारलं, "रात्री थंडी किती असते?"
"का?"
"हिशेबासाठी."
लाकूड सरकवल्याचा आवाज आला. "रात्री वजा दहा. दुपारी ठीक असतं." मग हळूच, "आई, तुझा व्हिसा अजून..." आणि लगेच ओरडली, "थांब, रंग बदलला, थांब!" फोन खाली पडला असावा. बंद.
तिकडचा माझा व्हिसा पुढच्या वर्षापर्यंत आहे. हे सांगायचं राहिलं.
आता इथे दुपार. तिकडे मध्यरात्र उलटली असेल. मी फोन केला नाही. मी यावं म्हणून तिने विचारलं, की नुसतं बोलण्याच्या ओघात आलं? पाक साधला की जळला, तेही कळलेलं नाही.