चार दिवसांचे कपडे

मंगळवार, ११ तारीख

ताई,

नमस्कार. आईलाही सांग. आणि तो लाल चौकड्यांचा शर्ट मी फेकलेला नाही, विकलेला नाही, कुणाला दिलेलाही नाही. किती वेळा तेच सांगू? फोनवर ऐकवून तुझं मन भरलं नाही म्हणून आता पत्रातही सुरू केलंस. "प्रत्येक फोटोत तेच कपडे, माणसं काय म्हणतील, भाऊ तिकडे भीक मागतो की काय." अगं, तेच नाहीत. नीट बघ. मागच्या फोटोत राखाडी पँटीवर पांढरा शर्ट होता, त्याच्या आधीच्यात निळ्या पँटीवर पांढरा. दुसऱ्यांचे शर्ट दिवसभर शिवतेस आणि भावाची पँट ओळखता येत नाही तुला!

त्या लाल शर्टाची अडचण एवढीच की त्याचं कुणाशी पटत नाही. तू शिवलाय झकास. पण निळ्या पँटीवर घातला तर पँट रुसल्यासारखी दिसते आणि राखाडीवर घातला की आमचा मुकादम लांबूनच ओरडतो, "काय रे, सर्कशीत नोकरी लागली का?" म्हणून तो खुंटीवर असतो. सुट्टीच्या दिवशी घालतो.

आमचं काम तुला सांगितलंय, पण तू ऐकतेस अर्धं. प्रदर्शनाचे गाळे उभे करायचे. मोकळं मैदान असतं, त्यात पाइप, फळ्या, कापडाच्या भिंती. बघता बघता गाव उभं राहतं. गल्ल्या होतात, दिवे लागतात, माणसं येतात, पोरं हरवतात आणि सापडतात. मग एके सकाळी आम्ही ते गाव गुंडाळून ट्रकात टाकतो. मागे नुसतं दबलेलं गवत आणि खुंट्यांची भोकं. कधीकधी जाग आली की मला पटकन कळत नाही आज कुठल्या गावात आहे. छताकडे बघत पडून राहतो. भीती नाही वाटत. तळ्यात पाठीवर पडून तरंगत राहावं तसं वाटतं. तू म्हणशील, झालं, याचं डोकं फिरलं.

अशा फिरतीला ओझं चालत नाही. पहिल्या खेपेला मी आपली मोठी तपकिरी बॅग घेऊन आलो, तर ट्रकात तिच्यावर तीन माणसं बसून आली. मुकादम म्हणाला, "घर सोडून आलास की घर घेऊन आलास?" मग त्यानेच शिकवलं. खाली दोन, वर तीन. रंग असे निवडायचे की कुणालाही कुणाशेजारी उभं केलं तरी तोंड वाकडं होऊ नये. पांढरा, फिका निळा, मातकट. कसाही हात घातला तरी जोड जमतो. एक स्वेटर, तो घरातल्या थोरल्या भावासारखा, सगळ्यांना सांभाळून घेतो. सगळ्यात जड ते अंगावर घालून निघायचं, मोजे बुटांत कोंबायचे. बॅग मांडीवर मावली पाहिजे.

हे तुला का सांगतोय? कारण तू इकडे ये. चार दिवस. आमचा मुक्काम गाळ्यांच्या सामानाच्या गोदामाच्या गावी आहे, खाली लाँड्री आहे आणि वरच्या खोल्यांत आम्ही राहतो. महिनाअखेरीच्या आत ये. दोन सलवारी घे, काळी आणि ती राखेच्या रंगाची. वर तीन कुर्ते, सगळे त्या दोन्हींवर जातील असे. फुलाफुलांचा आणू नकोस, त्याचंही कुणाशी पटत नाही. शाल एक. गाडीत पांघरायलाही तीच. बस. इथलं प्रदर्शन बघ, चार दिवस मशीनपासून लांब राहा.

आता तू काय म्हणणार ते मला इथे ऐकू येतंय. आपल्या घरातून लहान बॅग घेऊन कुणी निघत नाही. मावशीकडे एका रात्रीसाठी गेलो होतो तेव्हासुद्धा आईने ती तपकिरी बॅगच काढायला लावली आणि बॅग पोकळ दिसू नये म्हणून तू तिच्यात उशी कोंबलीस. मावशी उशी बघून म्हणाली, "आमच्याकडे काय विटांवर झोपवतात?" आपण हसलो होतो. आई हसली नव्हती.

ती का हसली नाही ते तुला माहीत, मला माहीत. आपण बोलत नाही.

तरी या वेळी लहान बॅगेनेच ये. फोनवर या विषयावर काही बोलू नकोस, आई शेजारी बसलेली असते. पत्रच लिही. आणि रागावलीस तरी चालेल, पण ये.

तुझा,
सर्कसवाला


रविवार, २३ तारीख

ताई,

पत्र मिळालं. "प्रदर्शनातली भांडी बघायला मी रात्रभर गाडीत बसू? इथे शिलाईचा ढीग पडलाय. खरं सांग, मुलगी पसंत केलीस, की कुणाचा मार खाल्लास?" दोन्ही नाही. मुलीचं झालं असतं तर आधी तुझ्याकडून नवा शर्ट शिवून घेतला असता.

सांगतो. पण शेवटपर्यंत वाच. मधेच फाडू नकोस.

खाली लाँड्री आहे म्हणालो ना. तिथे एक म्हातारा इस्त्री करतो. म्हातारा म्हणजे तसा फार नाही, वाफेने पिकलाय. दुकानात सदा धुकं असतं आणि दोरीवर शर्ट टांगलेले. वाफ हलली की वाटतं, बिनडोक्याची माणसं गाडीची वाट बघत उभी आहेत. मला तिथे बसायला आवडायचं. फिरतीवरून आलो की कपडे त्याच्याकडे टाकायचो. त्याचं आणि माझं बोलणं म्हणजे "किती झाले?" आणि "उद्या ने."

एकदा कपडे परत आणले आणि बॅगेत भरताना माझा हात थांबला. लाँड्रीवाले शर्टावर शर्ट रचतात, पँटीवर पँट. याने जोड बांधले होते. पँटीची घडी शर्टाच्या पोटात, आणि शर्टाच्या दोन्ही बाह्या मागून गुंडाळलेल्या, आपण लहान मुलाला कडेवर घेतो तशा. असं मी आपल्या घराबाहेर कुठे बघितलेलं नाही. तू करतेस. आई करते.

मी खाली गेलो. म्हटलं, "ही घडी कुठे शिकलात?"

"शिकायची काय त्यात. मीच काढली."

"कशासाठी?"

"घरी मुलगी होती. शाळेच्या वेळेला झग्याशी मोजा मिळायचा नाही, मोज्याशी रिबीन मिळायची नाही, की रड सुरू. मग रात्री जोड बांधून उशाशी ठेवायचो." असं म्हणून तो हसला. पुढचे दोन दात नाहीत.

ताई, ही गोष्ट मला तू सांगितली होतीस. एकदाच. मी तापात पडलो होतो तेव्हा.

तो माझा निळा शर्ट करत होता. त्याने विचारलं, "तू कुठला रे पोरा?" मी गाव सांगितलं. त्याने शर्ट उलटवला. मग विचारलं, "घरी कोण असतं?"

"आई. ताई."

"ताई काय करते?"

"शिवते. चांगलं शिवते. गावात तिच्यासारखी कॉलर कुणाला बसवता येत नाही."

त्याने मान हलवली आणि हात होता तिथेच ठेवला. धूर यायला लागला तेव्हा मीच इस्त्री उचलली. शर्टाच्या पाठीवर होडीसारखा डाग पडला होता. दुकानाचा मालक आतून धावत आला, म्हणाला, इतकी वर्षं झाली, याच्या हातून रुमालसुद्धा जळला नाही. मी म्हटलं, राहू द्या, जुनाच होता.

संध्याकाळी ते वर आले. मी आता "ते" लिहितोय, तूही वाच तसंच. हातात त्यांचा स्वतःचा शर्ट होता, ढगाळ दिवसाच्या रंगाचा. म्हणाले, "तुझा एक कमी झाला. हा घे." मी घातला. खांदे बरोबर बसले. ताई, तो माझ्या दोन्ही पँटींवर जातो, स्वेटरखालीही जातो.

मी विचारलं, "चार दिवस सांगून, लहान बॅग घेऊन गेला होतात ना?"

ते जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "चारच दिवसांचं काम होतं. मालकाने पैसे बुडवले. रिकाम्या हाताने पाचव्या दिवशी यायची लाज वाटली. सहाव्या दिवशी जास्त वाटली. मग ती रोज वाढतच गेली."

हे काय कारण झालं का? तूच विचार त्यांना. मी वेड्यासारखा म्हणालो, "चहा घेणार का?"

त्यानंतर रोज संध्याकाळी तिथे बसतो. ते काम करतात, मी टांगलेले कपडे उतरवतो. बोलतो थोडं. आईबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, "अजून दार दोनदा बघते का, कडी लावली की नाही?" मी म्हटलं, "तीनदा." मग ते पुढचा शर्ट घेऊन वाफेत शिरले. ती वाफ अशी असते की समोरचा माणूस कधी असतो, कधी नसतो.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. मी तो शोधला. रात्री पडल्या पडल्या तुझं सगळं आठवलं, शाळा सोडून मशीनवर बसलीस ते, दुसऱ्यांच्या पोरींचे गणवेश शिवत होतीस ते. तरी सकाळी खाली गेलो की मला बरं वाटतं. मला ते आवडतात. आणि तू लहानपणापासून म्हणतेस ना, हा पोरगा अगदी त्यांच्यावर गेलाय, याचा पाय घरात ठरत नाही. मी चिडायचो. आता समोर बसून बघतो, तर खरंच हात सारखे आहेत. मला भीती वाटते. माझाही कुठल्यातरी गावात पाचवा दिवस उजाडायची भीती. म्हणून मी तुझ्या शिव्या खाऊन खाऊन पत्रं लिहितो, फोटो पाठवतो, की कुणीतरी विचारत राहावं, तू काय घातलंस, कुठे आहेस.

लाँड्री महिनाअखेरीला बंद होतेय. मालक मुलाकडे चाललाय. मी यांना विचारलं, "तुम्ही कुठे जाणार?" तर म्हणाले, "बघू." ताई, हे "बघू" मला माझ्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं. त्यांची बॅग खुंटीला टांगलेली आहे, माझ्यापेक्षाही लहान. एकदा ते निघाले की परत सापडायचे नाहीत.

त्यांना मी सांगितलंय की तुला लिहिलं आहे. आधी म्हणाले, "नको, तिला कशाला त्रास." मग दोन शर्ट झाले आणि हळूच म्हणाले, "आली तर जिना सांभाळून चढ म्हणावं, तिसरी पायरी हलते." दुसऱ्या दिवशी बघतो तर पायरीला खिळे ठोकलेले.

माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू बघ. येऊन भांड, चार दिवस भांड, न बोलता बसलीस तरी चालेल. तुझ्याऐवजी मी काहीच ठरवू शकत नाही, मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. तुला आठवतो. आईला काय सांगायचं ते परत गेल्यावर ठरव. सध्या तिला सांग, भावाला बघून येते. खोटं नाही ते.

निघताना ती लहान बॅग बघून घाबरेल. म्हणून परतीचं तिकीट आधी काढ, तारीख तिला वाचून दाखव आणि मगच बाहेर पड.

गाडीचं एका माणसाचं एका वेळचं तिकीट सहाशे चाळीस आहे. मी तीन तिकिटांचे पैसे पाठवतोय. एक तुझं येण्याचं, एक तुझं जाण्याचं. तिसरं त्यांचं, तुझ्याबरोबर घरी जाण्याचं, पण तुला वाटलं तरच. नाही वाटलं तर त्याचं कापड घे आणि मला काही सांगू नकोस, मी विचारणार नाही.

गाडी सकाळी पोचते. मी स्टँडवर असेन, लाल शर्टात, म्हणजे लांबून दिसेन.

तुझा भाऊ

एकूण पाठवले : एकोणीसशे वीस.