डब्यातल्या गावाचा वारस

मी, विजया अविनाश पेंढरकर, वय बहात्तर, केंद्र सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त, राहणार बालीगंज, कोलकाता, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना तरीही शंका असेल त्यांनी आधी स्वतःचा दाखला आणावा. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी फारच भली निघाले होते.

१. व्यवस्थापक म्हणून सलील कर्णिक यांना नेमते. ते आयटी कंपनीत आहेत आणि कोणाची भीड धरत नाहीत. हे वाचन फक्त मोठ्यांसमोर व्हावं. माझी नात नूपुर, वय चौदा, खोलीत नसावी.

२. सोन्याच्या पाटल्या सून मृणाल हिला. न दिल्या तर लोक मला दुष्ट म्हणतील. तो निष्कर्ष त्यांनी पुढची कलमं ऐकून काढावा, पाटल्यांवरून नव्हे.

३. वीज गेल्यावर पंधरा मिनिटं केकाटून बंद पडणारा यूपीएस आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सचिव मंजुषाबाई यांना. वेळेवर बंद कसं पडावं, हे त्यांना भाषणाच्या कामी येईल.

४. आता डबा. चपलांच्या कपाटावर, राउटरशेजारी ठेवलेला, दोन डिस्कचा, फायली साठवायचा. सलील त्याला नॅस म्हणतात. घेतला होता कै. अविनाश यांचे फोटो ठेवायला. लॉकडाउनमध्ये मंडळाचा मराठी वर्ग बंद पडला, तेव्हा सलील यांनी त्याच डब्यावर मुलांसाठी खेळाचा सर्व्हर चालू करून दिला. बेहालापासून सॉल्ट लेकपर्यंतची मुलं आपापल्या घरून एकाच गावात येत आणि ठोकळ्यांची घरं बांधत. डब्याला एवढा भार झेपत नसे. दहाच्या वर मुलं आली की गावातल्या कोंबड्या पाय उचलून जागच्या जागी थबकत.

कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं, ते माझ्या हाती होतं. नियम एकच: गावात मराठीतच लिहायचं. हिंदी लिहिल्यास एक दिवस बाहेर, इंग्रजीला तीन, बंगालीला आठवडा. हिंदी बाजारात लागते, इंग्रजी शाळा शिकवते. बंगाली मात्र ही मुलं आवडीने बोलतात, म्हणून शिक्षा जास्त. माझ्याविरुद्ध मंडळात तक्रारी झाल्या. मुलं मराठी लिहू लागली, हे मात्र कोणी बोललं नाही.

५. नूपुर ही माझा मुलगा केयूर आणि मृणाल यांची एकुलती एक. मृणाल बेहालाची, बंगाली. नूपुर अकरा वर्षांची असताना, गावात बारा मुलं हजर असताना, तिने मला लिहिलं, ‘ठाम्मा, तोमार जोन्नो बाडी बानियेछि.’ म्हणजे, आजी, तुझ्यासाठी घर बांधलंय. नातीला सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी नियमाला कोणी विचारलं नसतं. आठवडा देता आला असता. मी कायमची बंदी घातली. ‘आजी’ हा शब्द तिला येत होता. रागाचं खरं कारण ते. घर पाडलं नाही. त्यात कोंबड्या कोंडल्या.

केयूर म्हणाला, “आई, अकरा वर्षांची आहे गं ती. तिच्या आईची भाषा आहे.”

“मग आईच्या माहेरी जाऊन खेळू दे.”

मृणाल दारात उभी होती. म्हणाली, “आई, मी तुमच्यासाठी मराठी शिकले ना?”

“शिकलीस. पोरीला शिकवायला विसरलीस.”

डबा हजेरी ठेवतो. परत पाठवलेल्याचंही नाव आणि वेळ लिहून ठेवतो. दुसऱ्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, पाच चाळीसला ओळ आली: नूपुर, प्रवेश नाकारला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पुढे दोन वर्षं, परीक्षेचे दिवस सोडून रोज. जन्मभर मी लोकांचे हजेरीपट तपासले. माझ्यासाठी इतकं नेमाने कोणी आलं नव्हतं. चहा घेऊन मी त्या ओळीची वाट बघत बसे. रविवारी ती जेवायला येई, डब्याशेजारी चप्पल काढी, त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. मीही नाही. बंदी उठवली तर चार दिवस खेळेल आणि कंटाळेल, अशी मला भीती होती. बाहेर ठेवली तर रोज येणार होती. म्हणून बाहेर ठेवली. मला त्याची लाज वाटते.

गेल्या फाल्गुनात ओळ यायची थांबली. आठ दिवस वाट पाहिली, मग कोणाला न सांगता बंदी उठवली आणि कोंबड्या हाकलून घर रिकामं केलं. त्याला वर्ष होत आलं. ती आलेली नाही. रविवारीही येत नाही. अभ्यास असतो म्हणे.

६. माझ्या मृत्यूनंतर सलील यांनी डबा एक वर्ष चालू ठेवावा. त्या वर्षात नूपुर एकदा जरी गावात आली, तर डबा, गाव आणि तिच्या आजोबांचे फोटो तिचे. न आल्यास दोन्ही डिस्क पुसाव्यात, फोटोंसकट. कुठेही प्रत ठेवू नये.

७. राहता फ्लॅट केयूरला, त्या वर्षाच्या अखेरीस, एका अटीवर. बंदी उठल्याचं नूपुरला त्याने सांगायचं नाही, सुचवायचंही नाही. मृणालने सांगितलं तर केयूरनेच सांगितलं असं धरावं. सांगितल्यास फ्लॅट मंडळाच्या मराठी वर्गाला. सांगितल्यावर नूपुर आली तरी डबा तिचाच. भुर्दंड फक्त तिच्या बापाला.

‘नूपुर, एकदा बघ गं’, एवढं म्हटलं की पुरे. केयूरला मी तो जन्मला तेव्हापासून ओळखते. तो म्हणणार नाही.

८. नूपुर अठरा वर्षांची झाली की या मृत्युपत्राची प्रत सलील यांनी तिच्या हातात द्यावी. तिच्या बापाने काय केलं, ते तोवर ठरलेलं असेल. प्रत मराठीतच द्यावी. तिला वाचता येतं.

वरील सर्व मीच लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि एकही शब्द खोडला नाही.

(सही) विजया अविनाश पेंढरकर
कोलकाता, ११ जानेवारी २०२६

विजयाबाईंनी आम्हा दोघांदेखत सही केली. यातलं काहीही आमच्या वाट्याला येत नाही.

साक्षीदार:
१. (सही) अरुण बापट, बालीगंज
२. (सही) अमृता चौबळ, बेहाला