गेटावरची भाकर

आबा, काल मी त्याला पाहिलं. तुरुंगाच्या गेटाबाहेर प्लास्टिकची पिशवी धरून उभा होता आणि न्यायला कुणीही आलेलं नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे सांगावं असं दुसरं माणूस मला नाही. खरं सांगते, ज्याच्यावर हक्कानं राग काढावा असंही दुसरं माणूस नाही, म्हणून लिहायला बसले.

वसमतच्या मोंढ्याबाहेर, ट्रक स्टँडवर तुमचं पंक्चरचं दुकान. जिल्हा तेव्हा परभणीच होता. हळदीच्या दिवसांत कुरुंद्याकडून पोत्यांनी भरलेल्या गाड्या येतात, सगळ्या स्टँडला पिवळी धूळ बसते, तुमच्या भुवयांनासुद्धा. दुकानात दोन गोष्टी कधी रिकाम्या राहिल्या नाहीत: ट्यूब बुडवून बुडबुडे बघायची टाकी आणि दारातला माठ. ड्रायव्हर असो, हमाल असो, दारू पिऊन पडलेला असो, कोण आहे ते न बघता तुमचा तांब्याचा हात पुढं व्हायचा. तुम्ही मान वर करूनही बघत नव्हता. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं.

मग भाऊ आत गेला. हमालांच्या भांडणात कुणाचं तरी डोकं फुटलं आणि पोलिसांनी हाताला लागतील तेवढी पोरं उचलली. जामीन व्हायला वेळ लागला. तुरुंगात नव्या माणसाला संडासाच्या तोंडाशी झोपायला लागतं, हे आपल्याला कुठं माहीत होतं? तिथून उठवून जो भिंतीकडेला जागा देतो, तो त्या माणसाचा मालक होतो. आपल्या भागातल्या पोरांच्या बराकीत हा मालक म्हणजे 'मोठा'. सगळे त्याला तसंच म्हणत. खुनाच्या खटल्यात कित्येक वर्षं आत होता, पण आपल्या स्टँडवर पान हलायचं ते त्याच्याच शब्दानं. दुसऱ्या मुलाकतीला भाऊ जाळीतून म्हणाला, "आबा, आता बरं हाय, जागा भेटली." तुम्ही खूश. स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटलात, पोराला जागा भेटली म्हणून. तुम्हाला वाटलं, सरकारनं दिली.

भाऊ सुटला तो दिवस मी विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. आई नव्हती, म्हणून भाकर तुम्ही थापली, एका अंगानं करपलेली. मी म्हणत होते, आबा, आपण गेटावरच जाऊ. तुम्ही माझ्यावर खेकसलात. "गेटावर कुनी ओवाळतं का? भाकर-तुकडा दारात ओवाळायचा असतो. येडी का खुळी तू?" आणि भाकरीचा तुकडा, पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे राहिलात. रीत तुमचीच बरोबर होती, आबा. पण त्यांचीही एक रीत होती. सुटलेल्या माणसानं आधी मोठ्याच्या आईच्या घरी जायचं, पाया पडायचं आणि बाहेरची पहिली भाकर तिच्या हातची खायची. जो खाईल तो त्यांचा. म्हणून त्यांची मोटारसायकल गेटावर उभी होती आणि तुम्ही दारात. भाऊ तिसऱ्या दिवशी आला. अंगात नवा शर्ट. तुकडा ओवाळून टाकायला तुम्ही हात उचललात तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा, जेवून आलोय."

त्यानंतर तो आपल्या घरात फक्त झोपायला होता. तेही चपला उशाखाली घेऊन. मंगळवारी तुरुंगात मुलाकत झाली की बुधवारी स्टँडवर काय होणार ते ठरलेलं. कोणाची गाडी आधी भरायची, कोणाची ताडपत्री फाडायची, कोणत्या ड्रायव्हरला झोडायचं. आत बसलेला माणूस बोटं मोडतो आणि इकडं कुणाचं तरी हाड मोडतं. भाऊ ते सगळं करत होता. मग एका मंगळवारी शिरड शहापूरच्या त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरचा नंबर लागला. ज्याच्या मांडीवर बसून भाऊ लहानपणी स्टेअरिंग फिरवायचा, तोच. भाऊ म्हणाला, "ह्याला मी न्हाई हात लावनार." एवढंच म्हणाला.

भर दुपारी तुमच्या दुकानासमोर भावाला मारून टाकलं. दोघं होते, दोघांनाही ते शेंबडे असल्यापासून आपण ओळखत होतो. आणि पोलिसांना तुम्ही काय सांगितलंत? "ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होतो साहेब. वर पाह्यलं न्हाई." घरी मी तुमची गचांडी धरली. बापाची गचांडी धरली मी. तुम्ही ती सोडवलीसुद्धा नाहीत. म्हणालात, "तू बशीनं कॉलेजला जातीस, कुठल्या खिडकीत बसतीस, ते मोठ्याला आत बसून ठाऊक हाय. आता बोल, काय सांगू साह्यबाला?" म्हणजे भावाच्या रक्तावर माती टाकलीत ती माझ्या नावानं. मला विचारलं होतं का? मी खिडकीत बसायचं सोडलं असतं. कॉलेज सोडलं असतं. तुमचं ते गप्प बसणं मी जन्मभर वागवते आहे, मागितलेलं नसताना.

वर कळस म्हणजे, काही दिवसांनी तीच दोन पोरं दुकानापुढं येऊन उभी राहिली, आणि तुमचा तांब्याचा हात पुढं झाला. ती घटाघटा पाणी प्याली. मी माठ उचलून रस्त्यावर आपटला. तुम्ही मला मारलंत, आयुष्यात एकदाच. "पान्याला कुनाला न्हाई म्हनू नये," म्हणालात. दुसऱ्या दिवशी नवा माठ आणला. मग दोन पावसाळ्यांत तुम्हीही गेलात, ना कधी भावाचं नाव घेतलंत, ना माझी समजूत घातलीत.

मी पुढं हिंगोलीला एका वकिलाकडं टायपिंगला लागले. कोणाचा जामीन झाला, कोण कधी सुटतो, हे मला घरच्यांच्या आधी कळतं. मी भाकर थापते, तांब्या घेते आणि जाते तुरुंगाच्या गेटावर. हो, गेटावरच ओवाळते. पोरगं बाहेर पडलं की मोटारसायकलवाल्याच्या आधी मी पुढं होते, तुकडा ओवाळून टाकते, तिथंच कट्ट्यावर बसवून माझा डबा उघडते. पहिली भाकर माझी. मग एसटीत घालून त्याच्या आईच्या दारात नेऊन सोडते. एकदा मोटारसायकलवाला म्हणाला, "बाई, कशाला आडवं येऊन राहिल्या? तकलीफ होईल." मी म्हटलं, "करून बघ. मी खिडकीतच बसते." सगळी पोरं टिकली नाहीत, काही मागच्या दारानं गेलीच. पण कित्येकदा ती गाडी रिकामी परत गेली. लोक मला माउली म्हणतात आणि मला हसू येतं. माया कसली? मी मोठ्याचं एकेक माणूस तोडत होते. त्याची आई मेली, तिच्या चुलीला कुलूप लागलं, उरलेली पोरं दुसऱ्या बराकीतल्या दुसऱ्या कुणाच्या मागं गेली. सगळं माझ्यामुळं झालं असं नाही. पण मला तसं म्हणायला आवडतं.

काल डोंगरकड्याचं एक पोरगं सुटणार होतं म्हणून गेले, तर आधी हा बाहेर आला, मोठा. कोर्टाच्या तारखांना पाहिलेला, म्हणून ओळखला. दात पडलेले, पँट दोरीनं बांधलेली. इकडंतिकडं बघत राहिला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "कुनासाठी आल्या?" मी भावाचं नाव घेतलं. वसमतच्या पंक्चरवाल्याचा पोरगा, म्हटलं. किती वर्षं हे वाक्य मी भाकरी थापताना घोकलं होतं. त्यानं डोकं खाजवलं. "लई पोरं होती बाई. बराबर ध्यानात न्हाई." आणि मग तांब्याकडं बघून, "पानी दे थोडं."

मी त्याच्या पायापुढं तांब्या उलटा केला. अगदी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. तो चिडला नाही, ओल्या मातीकडं बघत राहिला आणि रस्ता ओलांडून गेला. थोड्या वेळानं पोरगं आलं. त्याला नुसत्या तुकड्यानंच ओवाळलं. त्यानं विचारलं, "तो म्हातारा कोन हाय?" त्यालाही माहीत नव्हतं.

पाणी ओतताना मला बरं वाटलं, आबा. फार बरं वाटलं, आज पुन्हा आला तर पुन्हा ओतेन. हा कागद कुठं पोस्टात टाकायचा आहे, चुलीतच जाईल, म्हणून एक लिहून टाकते. त्यानं पाणी मागितलं तेव्हा, तो कोण आहे हे पुरतं ठाऊक असताना, आधी माझा हात पुढं झाला होता. तुमच्यासारखाच. मी तो मागं घेतला आणि मग ओतलं. त्या हाताचा मला अजून राग येतोय.