आईची सही

गुरुवार, संध्याकाळ

१. अकरा वाजता आईला रिक्षाने नोटरीकडे नेलं.
२. दोन साक्षीदारांसमोर कागद वाचून झाला: आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात गेला की व्हेंटिलेटर लावायचा नाही.
३. नोटरींनी शाईचं पॅड पुढे केलं. आईने ते मागे सारलं आणि पेन मागितलं.
४. सही झाली. चार मिनिटं लागली.

ती एकेक अक्षर काढत होती, मी घड्याळ बघत होते. नोटरी म्हणाले, "मावशी, अंगठा चालतो." ती म्हणाली, "चालत असंल. चाळिशीत शिकलेली सही वाया घालू व्हय?"

दुपारी फुलंब्रीहून दादाचा फोन आला. "दवाखान्यातली मशीनं तूच दुरुस्त करती, अन् आईलाच नको म्हणती?"

हो, रोज दुरुस्त करते, म्हणूनच मला माहीत आहे. मशीन श्वास देतं, फुप्फुस बरं करत नाही. आणि नको म्हणणारी आई आहे. हे त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं.

मला खात्री आहे? आहे. मग ती चार मिनिटं का आठवतात? तेवढ्यात आई कधीही थांबू शकली असती. थांबली नाही. शेवटचं अक्षर काढून वरची रेघसुद्धा सरळ ओढली.

आई बोलू शकली नाही तर तिच्या वतीने डॉक्टरांना सांगायला कागदात आम्हा दोघांची नावं आहेत. दादाची संमती बाकी आहे. त्याला हे पाठवते:

"दादा, आईने विचार करून सही केली आहे. तुझी संमती हवी आहे. नाही म्हणायचं असेल, तर ते मला नको, तिच्यासमोर बसून तिला सांग. काय ते रविवारपर्यंत कळव."